‘नाही’ असे सिद्ध करणारे गणित आणि ताऱ्यांचे चुंबकत्व

दहावीचा निकाल लागला की पालक शाळेत येतात आणि मुलामुलींनी पुढे काय घ्यावे असे विचारतात. गणितात ज्याची बुद्धी चालते त्याने अभियांत्रिकीला जावे, हे उत्तर जवळजवळ ठरलेलेच असते. एखादी विद्यार्थिनी ‘मला नुसते गणितच शिकायचे आहे’ असे म्हणाली, तर ‘त्याने पोट भरेल काय?’ हा प्रश्न लगोलग येतो. ज्या घरांत पहिल्या किंवा दुसऱ्याच पिढीच्या हाती पाटी आली, त्या घरांनी असा प्रश्न करणे मुळीच गैर नाही. आम्ही इतिहासाचे शिक्षक. गणित हे आमचे क्षेत्र नव्हे. तथापि ज्ञान कसे घडते, त्यात कोणाचे श्रम असतात आणि नाव कोणाचे उरते, हा इतिहासाचाच विषय आहे. म्हणून गणितातील एका प्रमेयाची हकिकत येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. एखादी गोष्ट कशी करावी हे ते प्रमेय सांगत नाही. अमुक रीतीने ती होऊच शकत नाही, एवढेच ते सांगते. सूर्य हा चुंबक कसा झाला, या प्रश्नाच्या शोधाची वाट मात्र त्यानेच बदलली.

सूर्यावर डाग दिसतात ही गोष्ट चीनमधील नोंदींत दोन हजार वर्षांपूर्वीपासून आढळते. युरोपात ॲरिस्टॉटलच्या शिकवणीचा पगडा होता. आकाशातील सर्व काही निर्दोष आणि अविकारी, अशी ती शिकवण. दुर्बिणीतून डाग दिसू लागले तेव्हा शायनर नावाच्या धर्मगुरूने ते सूर्याभोवती फिरणारे छोटे गोल असावेत असे मत मांडले, म्हणजे सूर्याचे निष्कलंकत्व अबाधित राहिले! गॅलिलिओने १६१३ साली प्रसिद्ध केलेल्या पत्रांत डाग सूर्याच्या पृष्ठभागावरच आहेत हे दाखवून दिले. डाग कडेजवळ जाताना अरुंद होत जातात, ही त्याची साक्ष होती. ग्रंथ एक सांगतो आणि डोळ्यांना दुसरेच दिसते, तेव्हा कोणाचे ऐकावे, हा वाद आपल्या वाचकांना नवा नाही.

पुढे सुमारे दोनशे वर्षे डागांत कोणाला काही नियम दिसला नाही. तो दिसला जर्मनीतील डेसाऊ या गावच्या हाइनरिश श्वाबे या औषधविक्रेत्याला. बुधाच्या कक्षेच्या आत एखादा ग्रह असावा आणि सूर्यबिंबावरून जाताना तो काळ्या ठिपक्यासारखा दिसावा, या आशेने त्याने १८२६ पासून सूर्य निरभ्र दिसेल त्या प्रत्येक दिवशी डागांची नोंद ठेवण्यास आरंभ केला. तो ग्रह काही सापडला नाही, तो नाहीच. पण सतरा वर्षांच्या नोंदी समोर ठेवल्यावर डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या अंतराने वाढते आणि घटते असे त्याला आढळले. स्वित्झर्लंडमधील रुडॉल्फ वोल्फ याने जुनी टिपणे चाळून हा काळ सरासरी अकरा वर्षांचा ठरविला. डाग वाढतात तेव्हा पृथ्वीवरील होकायंत्राची सुई अधिक अस्वस्थ होते, हेही १८५२च्या सुमारास ध्यानात आले. पंधरा कोटी किलोमीटर दूर असलेल्या डागाचा होकायंत्राशी संबंध काय, हे मात्र कोणालाच सांगता येईना.

या प्रश्नाच्या इतिहासात आपली मुंबई आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन डागांचे चित्र काढीत असता एका मोठ्या डागसमूहावर अचानक पांढरा लखलखाट झाला आणि काही मिनिटांत मावळला. त्यानंतर अठरा तासांच्या आत पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. तारायंत्रे बिघडली, उष्ण कटिबंधाजवळही आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला. ग्रीनिच आणि क्यू येथील फोटोग्राफीय यंत्रांच्या रेषा तर कागदाबाहेरच गेल्या. त्या वेळी कुलाब्याच्या वेधशाळेत मनुष्ये यंत्राजवळ बसून हातांनी आकडे लिहून घेत होती. त्यांच्या वह्यांत २ सप्टेंबरचा तो उत्पात उतरला आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आला होता. १९८९ साली कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालविणाऱ्या वादळाचे मापन सुमारे ५९० होते. (तुलना काटेकोर नव्हे, एक आकडा एका ठिकाणचा, दुसरा अनेक ठिकाणांची सरासरी.) २००३ साली संशोधकांनी कुलाब्याच्या या नोंदी नव्याने तपासल्या आणि जगाने त्यांचे मोल जाणले. संशोधकांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञही होते. घटनेला कॅरिंग्टनचे नाव मिळाले. ज्या हातांनी कुलाब्यात आकडे लिहिले त्यांच्या नावाने काही ओळखले जात नाही. आमच्यासारख्यांनी हे नमूद करून ठेवावे असे आम्हांस वाटते.

कुलाब्याचे काम पुढे अलिबागला गेले. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार होती आणि तिच्या विद्युतप्रवाहाने नाजूक सुया विचलित झाल्या असत्या. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी १९०४ पासून अलिबागला नोंदी सुरू केल्या आणि दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापन चालू ठेवले, जेणेकरून जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. इतिहासाच्या अभ्यासकाला या काळजीचे विशेष कौतुक वाटते, कारण साधनांची साखळी तुटली की पुढच्या पिढीच्या हाती काय उरते हे तो जाणतो.

ग्रीनिचला सूर्याच्या छायाचित्रांवरून डागांची मापे घेणाऱ्यांत ॲनी रसेल होत्या. केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकून १८८९ साली परीक्षा दिली, परंतु स्त्रियांना पदवी देण्याची तेथे प्रथा नव्हती. ती १९४८ साली सुरू झाली. ग्रीनिचला त्यांना महिना चार पौंड मिळत. १८९५ साली सहकारी वॉल्टर मौंडर यांच्याशी विवाह होताच नियमाप्रमाणे त्यांना नोकरी सोडावी लागली. त्यानंतर पती-पत्नींनी मिळून डागांचे स्थान व काळ यांचा आलेख काढला. प्रत्येक चक्राच्या आरंभी डाग विषुववृत्तापासून तीसेक अंशांवर उमटतात आणि वर्षे सरतील तसे विषुववृत्ताकडे सरकत जातात, असे त्यात दिसले. आकृती पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी दिसते. १९०४ साली ती पतीच्या नावाने प्रसिद्ध झाली. आज सूर्यावरील कोणताही सिद्धान्त खरा की खोटा हे पाहताना त्यातून हे फुलपाखरू निघते की नाही, हे प्रथम तपासतात.

डाग म्हणजे चुंबक होत, हे १९०८ साली अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत जॉर्ज हेल यांनी दाखविले. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या ज्योतीच्या प्रकाशातील वर्णपटरेषा दुभंगतात, हे झीमान यांनी १८९६ साली शोधले होते. हेल यांना डागांच्या प्रकाशात तशाच दुभंगलेल्या रेषा सापडल्या. क्षेत्र सुमारे तीन हजार गॉस निघाले. पृथ्वीचे अर्ध्या गॉसच्या आसपास आहे. डाग सहसा जोडीने येतात, एक उत्तर ध्रुव व एक दक्षिण ध्रुव. एका गोलार्धात पुढच्या डागाची जी ध्रुवता असते, ती दुसऱ्या गोलार्धात मागच्याची असते, आणि अकरा वर्षांनी नवे चक्र येते तेव्हा सारे उलटते. मूळ स्थिती परत येण्यास बावीस वर्षे लागतात.

आता कोडे असे. सायकलच्या डायनॅमोत एक कायमचा चुंबक बसविलेला असतो. सूर्यात तसा चुंबक असणे शक्य नाही. लोखंडसुद्धा ७७० अंश सेल्सिअसच्या वर चुंबकत्व गमावते आणि सूर्याचा पृष्ठभागच साडेपाच हजार अंशांचा. शिवाय कायमचा चुंबक दर अकरा वर्षांनी उलटेल कशाला? १९१९ साली जोसेफ लार्मोर यांनी सुचविले की सूर्यातील वायू विजेचा वाहक आहे आणि तो सतत हलतो. वाहक चुंबकीय क्षेत्रातून हलला की वीज निर्माण होते, विजेने पुन्हा चुंबकीय क्षेत्र होते. तेव्हा थोडेसे क्षेत्र आरंभी असले की हालचालच त्याला पोसत राहील. कल्पना सुंदर होती. पण तेवढ्यावर गणित थांबत नाही.

टॉमस काउलिंग या इंग्रज गणितीने १९३३ साली लार्मोरची कल्पना तपासून पाहिली. वय सत्तावीस. त्याने सूर्याचे सर्वांत साधे चित्र घेतले. कुंभाराच्या चाकावरचे मडके जसे कोणत्याही बाजूने पाहिले तरी सारखेच दिसते, तसे सूर्याचे क्षेत्र अक्षाभोवती सर्वत्र सारखे आणि स्थिर आहे असे मानले. मग सिद्ध केले की असे क्षेत्र वायूच्या हालचालीने टिकूच शकत नाही. हालचाल कशीही असो. क्षेत्र अक्षाभोवती सममित आणि स्थिर असेल, तर ते विझणारच.

सिद्धता दहावीच्या विद्यार्थ्यालाही पाठलाग करता येईल अशी आहे, म्हणून थोडे थांबून पाहू. कलिंगड मधोमध चिरावे तसा सूर्य अक्षातून चिरला असे समजा. चिरलेल्या फाकेवर चुंबकीय बलरेषा बंद वळशांच्या रूपात दिसतील. वळसे एकात एक असतात. आत आत जावे तसे लहान होतात आणि शेवटी एका बिंदूत मिटतात. त्या बिंदूपाशी फाकेच्या पातळीतील क्षेत्र शून्य असते. सर्व फाका सारख्याच आहेत, म्हणून हा बिंदू अक्षाभोवती फिरविला की एक कडे मिळते. बलरेषा या कड्याला वेढा घालतात. आता पाठ्यपुस्तकातील उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम आठवा: बलरेषा जिच्याभोवती वेढा घालतात, त्या रेषेतून विद्युतप्रवाह वाहत असला पाहिजे. म्हणजे कड्यातून वीज फिरत राहिलीच पाहिजे. ती फिरवणार कोण? वायू बलरेषांना आडवा गेला तरच वीज ढकलली जाते, आणि कड्यावर तर फाकेतील क्षेत्र शून्य. तेथे क्षेत्र उरले असेल तर ते कड्याच्याच दिशेने. त्याला वायू आडवा गेला तर धक्का कड्याला काटकोनात बसतो, कड्याच्या दिशेने कधीच नाही. साठलेल्या विद्युतप्रभारांचा धक्का घ्यावा, तर बंद कड्यावर एक फेरी पूर्ण होताच त्याची बेरीज शून्य होते. वाहकाच्या रोधाने वीज झिजत राहते, तिला नवी भर कोठूनच मिळत नाही. क्षेत्र मावळते.

कोणी म्हणेल, मग लार्मोर चुकले आणि विषय संपला. तसे काहींना वाटलेही. परंतु गणिताच्या नकाराचे वैशिष्ट्य हे की तो ज्या अटींवर दिलेला असतो त्या अटी उघड्या असतात. पूर्ण सममिती असेल तर क्षेत्र टिकत नाही. सूर्याचे क्षेत्र तर टिकून आहे. तेव्हा सूर्यात कोठेतरी सममिती मोडलेली असलीच पाहिजे. कोठे शोधावे हे प्रमेयानेच सांगितले. भारतात जन्मलेले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनीही १९५६ साली जॉर्ज बॅकस यांच्यासह या प्रमेयावर काम केले.

सममिती मोडणारी जागा १९५५ साली शिकागोच्या यूजीन पार्कर यांनी दाखविली. सूर्य घन नाही. त्याचे विषुववृत्त सुमारे २५ दिवसांत फिरते, तर ध्रुवांजवळील भागाला पस्तीसेक दिवस लागतात. त्यामुळे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या बलरेषा रिळावर दोरा गुंडाळावा तशा सूर्याभोवती गुंडाळल्या जातात आणि क्षेत्र बळकट होते. पण आता ते पूर्व-पश्चिम झाले. मूळचे उत्तर-दक्षिण क्षेत्र परत कसे मिळावे? येथवर सममिती शाबूत आहे, म्हणून काउलिंगचा निषेधही शाबूत. पार्कर यांनी दुसरी पायरी जोडली. सूर्याच्या बाहेरच्या सुमारे तीस टक्के थरात वायू भातासारखा उकळत असतो. वर चढणारा तप्त वायू बलरेषेला कमानीसारखा उचलतो, आणि सूर्याच्या भ्रमणामुळे ती कमान पिळली जाते, जसे आपल्या किनाऱ्यावर येणारे चक्रीवादळ पृथ्वीच्या भ्रमणामुळे एकाच दिशेने गरगरते. अशा असंख्य लहान पिळलेल्या कमानी जुळून नवे उत्तर-दक्षिण क्षेत्र तयार होते. चक्र पूर्ण झाले. पार्कर यांच्या समीकरणांतून क्षेत्राची लाटही निघाली, विषुववृत्ताकडे सरकणारी. मौंडर पती-पत्नींचे फुलपाखरू गणितातून बाहेर आले.

गणिती मात्र समाधानी नव्हते, आणि हा त्यांचा गुण आहे. पार्कर यांनी लहान कमानींची सरासरी घेतली होती. सरासरी न घेता, मूळ समीकरणांवरून, एखादी तरी हालचाल क्षेत्र टिकवू शकते असे सिद्ध होईल काय? १९५८ साली हर्झेनबर्ग आणि बॅकस यांनी स्वतंत्रपणे ‘होय’ असे दाखविले. हर्झेनबर्ग यांच्या रचनेत वाहक पदार्थाच्या पोटात दोन गोल वेगवेगळ्या अक्षांभोवती फिरतात. सूर्याशी त्याचे काहीच साम्य नाही. तरीही डायनॅमो अशक्य नाही, हे कायमचे ठरले. १९६३ साली न्यूकॅसलला लोखंडी दंडगोल फिरवून तशी रचना प्रत्यक्ष चालविण्यात आली, आणि १९९९ साली रिगा व कार्ल्सरूह येथे वितळलेल्या सोडियमच्या प्रवाहातून क्षेत्र आपोआप उभे राहिले.

गणिताची आणखी एक शाखा या कामी आली आणि ती तर अगदीच निरुपयोगी वाटावी अशी: गाठी आणि कड्या यांचे शास्त्र. गाउस यांनी १८३३ साली दोन बंद वक्र एकमेकांत किती वेळा अडकले आहेत हे मोजणारी संख्या लिहून ठेवली. साखळीच्या दोन कड्या कितीही वाकवा, ताणा. तोडल्यावाचून ती संख्या बदलत नाही. सूर्यातील वायूत बलरेषा जणू गोठून बसलेल्या असतात आणि वायूबरोबर वाहतात, हे आल्फवेन यांनी १९४२ साली सांगितले. म्हणजे बलरेषांची गुंतागुंतही टिकून राहणार. १९६९ साली कीथ मॉफट यांनी गाउसची संख्या आणि प्रवाहाचा पीळ यांचे नाते उलगडले, आणि १९७४ साली रशियन गणिती व्लादिमिर आर्नोल्ड यांनी सिद्ध केले की अशी गुंतागुंत असेल तर क्षेत्राची ऊर्जा एका मर्यादेखाली उतरूच शकत नाही. पुन्हा एक ‘नाही’. बलरेषा तुटून नव्याने जुळतात तेव्हाच अडकलेली ऊर्जा मोकळी होते. कॅरिंग्टनने पाहिलेला लखलखाट तो हाच.

सूर्य हा एकच तारा पाहून नियम बांधणे म्हणजे एका गावावरून देशाचा इतिहास लिहिणे होय. इतर तारे ठिपक्यासारखे दिसतात, त्यांवरचे डाग मोजता येत नाहीत. पण चुंबकीय क्षेत्र प्रबळ असले की कॅल्शियमच्या दोन वर्णपटरेषांच्या मध्यभागी प्रकाश वाढतो. या खुणेवरून ओलिन विल्सन यांनी १९६६ पासून माउंट विल्सनवर ९१ ताऱ्यांवर पाळत ठेवली आणि १९७८ साली जाहीर केले की अनेकांना आपल्या सूर्यासारखेच वर्षानुवर्षांचे चक्र आहे. १९७२ साली अँड्र्यू स्कुमानिच यांनी दाखविले होते की तारा जसा वयाने वाढतो तसे त्याचे भ्रमण आणि चुंबकीय हालचाल दोन्ही मंदावतात. चुंबकीय क्षेत्रच ताऱ्यातून बाहेर पडणाऱ्या वायूला धरून ठेवून त्याच्या फिरण्याला लगाम घालते. लहान लाल ताऱ्यांत मात्र उद्रेक अतिशय तीव्र असतात. सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा त्यांपैकीच एक. त्याच्याभोवती २०१६ साली पृथ्वीएवढ्या वस्तुमानाचा ग्रह सापडला, परंतु तेथे हवा टिकली असेल काय हे बरेचसे त्या ताऱ्याच्या चुंबकत्वावर अवलंबून आहे.

पूर्ण उत्तर अजून कोणाच्याही हाती नाही. चालू चक्राविषयी २०१९ साली तज्ज्ञांच्या मंडळाने डागांचा सर्वोच्च आकडा ११५च्या आसपास राहील असे वर्तविले होते. २०२४ साली तो १६०पर्यंत गेला. त्याच वर्षी मे महिन्यात वीस वर्षांतील सर्वांत मोठे चुंबकीय वादळ झाले आणि लडाखमधील हान्ले येथून आकाशात तांबडा प्रकाश दिसला. त्या वेळी भारताचे आदित्य एल-१ हे यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून सूर्य पाहत होते. त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेत घडली आहे. यान ज्या बिंदूजवळ आहे, तो बिंदूही ऑयलर आणि लाग्रांज यांनी अठराव्या शतकात कागदावर समीकरणे मांडून काढलेला. तेव्हा यान हा शब्द कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

आमच्या वसतिगृहातील मुलामुलींना या कामात हात घालायचा असेल तर फारसे साहित्य लागत नाही. लहान दुर्बीण सूर्याकडे रोखून तिच्यामागे हातभर अंतरावर पांढरा पुठ्ठा धरावा. पुठ्ठ्यावर सूर्यबिंब उमटते आणि त्यावर डाग दिसतात. दुर्बिणीतून किंवा नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे मुळीच पाहू नये, दृष्टी कायमची जाते; हे काम शिक्षक जवळ असतानाच करावे. डागांचे समूह मोजावेत, त्यांना दहाने गुणावे आणि सुट्या डागांची एकूण संख्या मिळवावी. तीन समूह आणि अकरा डाग असतील तर आकडा एक्केचाळीस. ही रीत रुडॉल्फ वोल्फ यांची आहे आणि आजही तीच चालते. तारीख, वेळ, आकाशाची स्थिती आणि मोजणाऱ्याचे नाव वहीत लिहावे. नाव अवश्य लिहावे.